सोमवारचा रकाना

प्रिंटर शाळेत आहे. शाई नाही.
म्हणून शनिवारी शाळा सुटली की
बिंदू चौकामागं चौगलेंच्या झेरॉक्सच्या दुकानात मी उभा.
"पुन्हा चौकटी, सर?"
"पुन्हा."
"एका पानावर दोन बसवतो, कागद वाचतोय."
यंत्रातून गरम गरम बाहेर पडतात
बेचाळीस कोऱ्या जाळ्या.
चळत पोटाशी धरून मी घरी नेतो,
भाकरीसारखी.

कोडं मीच रचतो. चार जण, चार पेठा, चार आवडी.
शनिवार पेठेतला मिसळ खात नाही.
धैर्यशील कट्ट्यावर उभ्यानं धारोष्ण दूध पितो,
पण तो बुधवार पेठेतला नाही.
अशा पाच-सहा सूचना, बाकी तुमचं डोकं.
जिथं नसेल तिथं फुली, असेल तिथं बरोबरची खूण.

सहावी ब ला वाटायचं, फुली म्हणजे चुकलं.
दिवाळीपर्यंत सांगत होतो,
फुली म्हणजे चूक नव्हे रे,
फुली म्हणजे इथं नाही, एवढं कळलं.
मागच्या बाकावरून रणवीर म्हणाला,
"सुटल्याल्या म्हशीगत, सर.
कुठं कुठं न्हाई ते बघत जायाचं."
त्यात मी काही भर घातली नाही.

हजेरीपट ही पण जाळीच.
एकतीस नंबर, मिसबा शिकलगार.
सोमवार आला की गैरहजर.
जून, जुलै, मध्ये पुराची सुट्टी, पुन्हा सोमवार,
पोरगी नियम मोडत नाही.
मी वहीच्या मागच्या पानावर चौकट आखली.
आजारपण? मंगळवारी पहिल्या बाकावर टवटवीत. फुली.
धाकटं भावंड? घरात एकटीच. फुली.
गणिताची धास्ती? सोमवारी तर चित्रकला.
लक्ष्मीपुरीचा बाजार? तो रविवारी.
उरला एक रकाना.
त्यात लिहिलं, कामाला धाडतात,
आणि बरोबरची खूण केली.
शाईनं.
पालकांना चिठ्ठी लिहिली, खाली झोकदार सही.

देताना सहज विचारलं.
ती माझ्याकडं बघत राहिली,
सोप्या कोड्याकडं बघावं तशी.
"सर, सोमवारी उद्यमनगर बंद असतंय."
"मग?"
"मग अब्बा घरात असत्यात."

रविवारी शाळा बंद, फाउंड्री चालू.
सोमवारी फाउंड्री बंद, शाळा चालू.
बाकीच्या दिवशी ती उठायच्या आत सायकल गेलेली,
आणि ती निजल्यावर दारातून भट्टीचा वास आत.
दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्या
तर एकही रकाना जुळेना,
म्हणून तिनं एक पाडून घेतलेला.
"काय करता दोघं?"
"काय न्हाई. रंकाळ्यावर बसतो. शेंगा खातो.
ते झोपत्यात. मी पाणी बघती."

माझ्या सूचनांत हा माणूसच नव्हता.

चिठ्ठी खिशातच राहिली.
नियम मला माहीत आहेत, तुम्ही सांगू नका.
पुढच्या सोमवारी एकतीसला गैरहजर मांडलं,
खरं ते खरं.
पण त्याआधी शनिवारी चौगलेंना म्हटलं होतं,
त्रेचाळीस काढा.
"पट वाढला वाटतं?"
"एकानं."

मंगळवारी तिनं दोन कागद दिले.
एक तिचा, सगळा बरोबर.
दुसऱ्यावर कोपऱ्यात काळा अंगठा,
फुल्या अशा दाबून मारलेल्या
की पाठीमागून बोटाला लागाव्यात.
तिसऱ्या ओळीत एक चुकलेली,
आणि तिच्यापायी पुढचं सगळं गेलेलं,
धैर्यशील भलत्याच पेठेत, समोर मिसळ.
मिसबाला ती दिसली होती. दिसणारच.
तिच्या कंपासपेटीत खोडरबर आहे.
खोडलं नव्हतं.

लाल पेन हातात घेतलं,
मग तिसरी सूचना पुन्हा वाचली.
जराशी अवघडच लिहिली होती मी.